कापड तिचं, टाचण्या कोणाच्या?

मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, तिथे पोचायला मोठी कामं करावी लागतात, किंवा केली असं लोकांना पटवावं लागतं. मी शिलाईच्या कारखान्यातला पुतळा. शिवलेला कपडा माणसाच्या अंगावर जाण्याआधी माझ्या अंगावर येतो. आत कागदाचा लगदा, वर जाडंभरडं कापड, खाली लोखंडी पाय आणि मानेच्या जागी लाकडाचं बोंड. डोकं मला दिलेलं नाही. कपडा नीट बसायला डोक्याची गरज नसते, असं मला घडवणाऱ्या कारागिराचं मत होतं. पुढे कारखान्यात ते खोडून काढणारं कोणी मला भेटलं नाही.

मित्रांनो, एके काळी माझा मोठा मान होता. थोराड मापाचा मी एकटाच. न्यायाधीशांचा कोट असो की लठ्ठ नवरदेवाचा, आधी माझ्यावर चढायचा. मालकांचे वडील मला रोज स्वतःच्या हाताने पुसत. ते गेले आणि पुसणंही गेलं. पाठीची शिवण उसवली. इस्त्रीकाका माझ्या खांद्यावर ओला रुमाल वाळत घालू लागले, कोणी चहाचे हात माझ्या पोटाला पुसू लागलं. मला वाटायचं, किळस म्हणतात ती हीच असावी. पण ती नुसती ओल होती. खऱ्या किळसेची ओळख नंतर झाली.

एक नवी बाई हातशिलाईला लागली. बटणं, अस्तर, गळ्याची बारीक टीप, सगळं तिच्याकडे. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, दोन मुलं शाळेत, नवऱ्याचं काम सुटलेलं. मालकांनी तिला बोलीवर घेतलं होतं: काम पाहू, लोकांशी जमतंय का पाहू, मग कायम करू. त्यामुळे ती सुई जपून चालवायची आणि तोंड त्याहून जपून.

तिचा धर्म वेगळा. गावात त्या धर्माची घरं मोजकीच. ती केसांवर साधं सुती कापड बांधायची. जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून दुसरं, धुतलेलं, घडीचं कापड काढून डोक्यावरून घ्यायची आणि माझ्या पाठीमागे, भिंत आणि मी यांच्यामधल्या जागेत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत उभी राहायची. ती काय म्हणायची ते मला कधी कळलं नाही. पण माझ्या उसवलेल्या पाठीमागे कोणी एवढ्या विश्वासाने उभं राहिलं नव्हतं.

कारखान्यात कटिंग मास्तर होते. हात सोन्याचे, जीभ नालीची.

"आलं का झाकण?" ती दारातून आत यायच्या आधी ते विचारायचे. "घट्ट बसवलंय ना गं? आतली वाफ जायला नको!"

कापडाच्या कडा पक्क्या करणाऱ्या ओव्हरलॉकवाल्या मावशी मशीन चालवता चालवता हसायच्या. इस्त्रीकाका हसून झालं की तिच्याकडे वळून म्हणायचे, "मनावर नको घेऊस हं पोरी." म्हणजे हसायचं त्यांनी, आणि मनावर न घेण्याचं कष्टाचं काम तिने करायचं.

सुरुवातीला ती नुसती हसायची. मग वाटलं, खरं उत्तर दिलं तर थांबतील. "तुमच्यात म्हणे अंघोळीलाही ते काढत नाहीत?" असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "काढतो की मास्तर. घरात काढतो, बाहेर पडताना बांधतो." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डोक्याला मोजपट्टी गुंडाळून तिच्या प्रामाणिक उत्तराची नक्कल करून दाखवली. "तुमच्यात म्हणे" ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला उत्तर नको असतं, थट्टेसाठी माल हवा असतो.

मग ती मालकांकडे गेली. माझ्या शेजारीच उभं राहून बोलली, म्हणून मला ऐकू आलं.

"अगं, आपण इथे एका घरातल्यासारखे," मालक म्हणाले. "घरात थट्टा चालतेच. मास्तर मनाने वाईट नाहीत."

मनाने वाईट नसलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं मन बहुतेक घरीच असतं. कामावर जीभ तेवढी येते.

आणि मग तो दिवस आला. एका मोठ्या हॉटेलने आपल्या दरवानांसाठी कोट शिवायला द्यायचे ठरवले होते. नमुन्याचा कोट माझ्यावर चढवून दाखवायचा होता आणि हॉटेलचे साहेब दुपारी येणार होते. सकाळी ती अस्तराचं कापड आणायला गोदामात गेली, तेवढ्यात मास्तरांनी खुंटीवरची तिची पिशवी उघडली.

त्यांनी माझ्या मानेच्या बोंडावर गोंदाचा रिकामा डबा उलटा बसवला. खडूने त्यावर डोळे काढले, वाकडं तोंड काढलं. वर तिचं ते प्रार्थनेचं घडीचं कापड गुंडाळलं आणि माझ्या खांद्यावर, छातीवर टाचून टाकलं. मग माझ्यापुढे उभे राहून तोंडातल्या तोंडात बुडबुड केली. मावशींना हसून हसून ठसका लागला.

मित्रांनो, मला आजवर अनेकांचे कपडे घातले गेले. माझ्या अंगावर माणूस कधी चढवला नव्हता. आणि तोही कोण, तर माझ्या पाठीशी उभं राहणारा. गोंदाच्या त्या आंबूस वासात मी तिची चेष्टा होऊन उभा होतो. तिथल्या तिथे वाळवीने खाल्लं असतं तर बरं, असं वाटलं.

ती आली. गठ्ठा टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. हसू कोंडून सगळे खाली बघत होते.

"कुणाचं हे?" तिने विचारलं.

"तुझीच बहीण आली बघ!" मास्तर म्हणाले. "अगं, गंमत आहे. हस की जरा."

"हसते. पण कळू दे आधी. यात गंमत कुठली, ते समजावून सांगा."

"म्हणजे... ते तू नाही का... तिकडे मागे उभी राहतेस..."

"हो. मग?"

"मग... आता गंमत काय समजावून सांगायची असते का?"

"एवढा कोट मला तुम्हीच समजावलात मास्तर. हे त्याहून अवघड आहे?"

कोणी हसलं नाही. ती जागेवर बसली आणि अस्तराला टीप घालू लागली. मला हात लावला नाही. सगळ्यांना वाटलं होतं, ती रडत येईल, घाईघाईने कापड ओढून काढेल, आणि खेळ संपेल. खेळ संपेना. मीही तसाच, डबा घालून. माझ्याकडे पाहायचं टाळत सगळे कामं करू लागले.

मालक आले आणि दारातच थबकले. "हे काय? साहेब येतील आता! काढ गं ते लवकर, तुझंच कापड दिसतंय."

"कापड माझं आहे," ती म्हणाली. "टाचण्या माझ्या नाहीत."

हे समजायला कारखान्याचा एक नियम ठाऊक हवा. एका नवरदेवाच्या कोटात टाचणी राहून गेली होती आणि ऐन लग्नात तो खुर्चीवर बसताच किंचाळत उठला होता. तेव्हापासून मालकांनीच सक्त नियम केला: ज्याने टाचण्या लावल्या, त्यानेच त्या काढायच्या. कुठे किती लावल्या ते त्यालाच माहीत असतं.

"आज नियम राहू दे," मालक म्हणाले.

"मग तसं सगळ्यांसमोर सांगा," ती म्हणाली. "नियम बाकीच्यांसाठी, माझ्यासाठी नाही, असं. मग मी काढते, आणि उद्यापासून येत नाही."

मालकांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, मास्तरांकडे मात्र पाहिलं नाही. मी ओळखलं, ते हिशोब करत होते: सोन्याचे हात जड की एक बाई.

तेवढ्यात ओव्हरलॉक मशीन थांबलं.

"मास्तर, काढा की आता," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच लावल्यात. मी बघितलंय. मी हसलेपण."

मास्तर उठले. डबा काढला. एक एक टाचणी शोधून काढू लागले. गमतीत लावलेल्या, त्यामुळे कुठे लावल्या ते त्यांनाच आठवेना. बोटाला एक टोचली. कापड त्यांनी टेबलावर टाकलं.

"घडी होती," ती म्हणाली.

त्यांनी घडी घातली. वाईटच घातली.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. साहेब आले, कोट पसंत पडला, ती पुढे कायम झाली. मास्तर तिला आता "बाई" म्हणतात आणि दातओठ खात म्हणतात. तिने ते कापड घरी नेऊन पुन्हा धुतलं असावं. माझ्या पाठीमागे आली तेव्हा त्याला साबणाचा वास होता.

आता माझी विनंती. मला पुसा म्हणत नाही, पाठ शिवा म्हणत नाही. तुम्ही शूर व्हा, असंही म्हणत नाही. तेवढी ताकद सगळ्यांच्यात नसते. तुमच्या वर्गात, पुढे तुमच्या कचेरीत, कोणी कोणाच्या देवाची, पोशाखाची, प्रार्थनेची नक्कल करू लागला, तर फक्त हसू नका. त्या सकाळी बाकीचे हसले, म्हणून ती गंमत ठरली. कोणी हसलं नसतं, तर एका माणसाने दुसऱ्याची पिशवी उघडून त्यातलं कापड चोरलं, एवढंच उरलं असतं.