ही बाजू वर

माझी बायको भंगारातून चित्रं करायची. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना हसवायला वापरलं. आता ते नुसतंच खरं आहे.

घरात काही मोडलं की तिचा चेहरा उजळायचा. छत्रीची काडी, बंद घड्याळाचे काटे, पर्सची तुटकी चेन, माझ्या चष्म्याची दांडी. ही दांडी माझ्या मते मोडलेली नव्हती. "मोडणारच होती," ती म्हणाली. तिच्या या उद्योगावर मी एक विनोदी लेख लिहिला. लोक पोट धरून हसले. तीही हसली, आणि लेख कात्रीने कापून आपल्या डब्यात टाकला. कागद चांगला होता म्हणे.

संध्याकाळी ती विचारायची, "अहो, बघता का जरा?"

"छान," मी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता म्हणायचो. माझं 'छान' कायम तयार असे. त्यासाठी चित्र तयार असण्याची गरज नव्हती.

शेवटचं चित्र तिने आजारपणात केलं, फ्रिजच्या खोक्याच्या मोठ्या पुठ्ठ्यावर. अंथरुणात बसून, मांडीवर घेऊन, मैद्याच्या खळीने एकेक तुकडा चिकटवायची. थकली की पुठ्ठ्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची, धूळ बसू नये म्हणून. तेव्हाही विचारायचीच. मीही म्हणायचोच.

ती गेली. महिन्याभराने मुलगी येणार म्हणून मी घर आवरायला काढलं. फोनवर तिला 'मी ठीक आहे' सांगून बसलो होतो, आणि ठीक माणसाचं घर आवरलेलं असतं. रद्दीवाल्याला बोलावलं. मी गठ्ठ्यांना सुतळी बांधत होतो तेव्हा त्याने भिंतीकडे बोट केलं. "तो पुठ्ठा द्यायचा?" मी मान वर केली. पुठ्ठ्यावर बाण होता आणि छापलं होतं, 'ही बाजू वर'.

"न्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, आईचं ते मोठं चित्र मी घेऊन जाणार हं. कुणाला देऊ नका."

"छे, कुणाला देतोय," म्हणालो, आणि रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

चप्पल घालून पळालो. रद्दीवाल्याच्या दुकानामागे पुठ्ठ्यांचा ढीग होता, आणि त्यावर नळाची नळी सोडलेली.

"अहो, पाणी कशाला?"

"भिजवतो ना आम्ही, काका. वजन भरतं."

तीस वर्षं मी लबाड माणसांवर लिहून पोट भरलं. तोंडावर खरं बोलणारा भेटला, तो नेमका हा.

खळ पाण्यात कधीच विरघळली होती. ढिगातून निघालेला आमचा पुठ्ठा पोळीसारखा लवत होता, आणि त्यावर काहीही उरलं नव्हतं. रद्दीवाला बिचारा माझ्याबरोबर उकिडवा बसला. चिखलातून बटणं निघाली, चेन निघाली, घड्याळाचे काटे, चष्म्याची दांडी. माझ्या लेखाची बारीक कापलेली पानं निघाली, झाडाला असतात तशी.

"चित्र कसलं होतं, काका? सांगा, तसं लावून बघू."

मी तोंड उघडलं. घर होतं? नाव होती? माणूस होता? पाच महिने ते माझ्यापासून चार हातांवर होतं.

"छान होतं," मी म्हणालो.

घरी येऊन तुकडे वाळवले, नवा पुठ्ठा आणला, दुकानातला डिंक आणला. पानं होती म्हणून झाड केलं. काडीचं खोड केलं. घड्याळाचे काटे कुठे जातात ते कळेना, म्हणून त्यांचा पक्षी केला. तो पक्षी सव्वानऊ वाजल्यासारखा दिसत होता.

मुलगी आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग पुढे वाकून तिने वास घेतला.

"आई खळ लावायची."

"संपली होती."

"खळ संपत नसते, बाबा. करावी लागते."

मग मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, बाण, पाणी. सांगताना एक विनोदही केला, सवयीने. ती हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आई फोनवर सारखी सांगायची," ती म्हणाली, "हे चित्र बाबांना फार आवडलंय, रोज छान म्हणतात. मी विचारायचे, काय आहे गं त्यात? तर म्हणायची, बाबांनाच विचार, त्यांनी पाहिलंय." तिने डोळे पुसले. "काय होतं हो, बाबा?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पातेलं काढलं, मैद्याचा डबा काढला, आणि तसाच उभा राहिलो. ती आधी पाणी घालायची की मैदा, तेही मी कधी पाहिलं नव्हतं.