बेचाळीस पावलांचं संगीत

जेवणावळीची गाणी चिमणीने एका बैठकीत निवडली. अडलं ते एकाच गाण्यापाशी. हॉलच्या दरवाजापासून व्यासपीठापर्यंत वडिलांचा हात धरून चालायचं, तेव्हा काय वाजवायचं? यादी तीनदा केली, तीनदा फाडली.

चिमणी माझी भाची. तिचे वडील म्हणजे माझा दादा. पस्तीस वर्षं त्याने पायी टपाल वाटलं, तेही शीळ घालत. गल्लीतली कुत्री त्याच्यामागे धावून दमायची आणि अर्ध्यातून परत फिरायची. दोन वर्षांपूर्वी त्याचं डावं अंग लुळं पडलं. उभा राहिला तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले होते. दादा उभा राहिला, आणि चार महिन्यांनी काठी टेकत चालूही लागला.

रोज सकाळी त्याच्या घरातल्या लांब बोळात आम्ही दोघं फेऱ्या मारतो. माझी माळ तेव्हाच चालू असते. एकशे आठ मणी पुरे होईपर्यंत मी बोलत नाही. बावीस वर्षांचा नेम आहे. दादाला माझं मौन फार आवडतं. म्हणतो, "या घरात मला 'सावकाश, जपून' न म्हणणारी तू एकटीच आहेस."

त्याचं मागणं एवढंच होतं, की मुलीला तो स्वतः चालत नेणार. दरवाजापासून व्यासपीठ बेचाळीस पावलं; त्याने जाऊन मोजून घेतलं होतं. बोळ अठरा पावलांचा, शिवाय हाताशी भिंत. सलग बेचाळीस तो आजारपणानंतर कधीच चालला नव्हता. वहिनीने चाकाची खुर्ची आणून तिला पांढऱ्या फिती बांधून ठेवल्या होत्या. तिला तरी काय बोल लावायचा? न्हाणीघरात तो पडला, तेव्हा उचलायला तीच एकटी होती.

लग्नाआधी दहा दिवस हॉलमध्ये तालीम ठरली. हॉल सकाळी लवकरच मोकळा मिळाला, त्यामुळे मी माळ हातात घेऊनच गेले. एकोणचाळीस मणी उरले होते. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. बँडमास्तर ढोल घेऊन तयार होते, शेजारी त्यांची व्हायोलिनवाली सून आणि एक अकॉर्डियनवाला.

चिमणीचं लाडकं गाणं सुरू झालं. तिसऱ्या पावलाला दादाची काठी आणि पाय एकमेकांत अडकले.

"मास्तर, जरा हळू वाजवा," वहिनी म्हणाली.

त्यांनी हळू वाजवलं. दादा पाचव्या पावलाला डगमगला. दुसरं गाणं घेतलं, आणखी हळू. हे तर त्याहून वाईट. ठेक्याची वाट बघत त्याचा पाय हवेतच राहायला लागला.

"याहून हळू वाजवलं तर पाहुण्यांना उशा द्याव्या लागतील," मास्तर म्हणाले. दादा हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

चौथ्या खेपेला तो तोल जाऊन पुढे झुकला. चिमणीने कमरेला धरलं म्हणून बरं.

"पुरे झालं!" वहिनीचा आवाज फाटला. "माणूस हवाय मला, हट्ट नको. खुर्ची आणा."

खुर्ची आली. दादाने नुसता हात लांब करून खुर्चीची मूठ धरली. ते मला बघवेना.

शब्द ओठांशी आले होते, पण नेम तो नेम. मी उठले, सरळ मास्तरांपाशी गेले आणि त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. ते बघतच राहिले.

"वन्सं, आता तुमचं काय?" वहिनी म्हणाली.

मी ढोलावर एक ठोका दिला आणि दोन मोजेपर्यंत थांबले. दुसरा दिला, पुन्हा दोन. तिसरा दिला आणि तीन मोजेपर्यंत थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून. दीड वर्ष बोळात माझं नामस्मरण याच वजनावर चालत आलंय. काठी टेकते तेव्हा दोन, उजवा पाय पडतो तेव्हा दोन, डावा फरशीवरून ओढत येतो तेव्हा तीन. एवढ्यात माझा एक मणी सरकतो.

मास्तर बोटांवर मोजायला लागले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "सात! अहो, हे सातात चालतात आणि मी गाढव चारात वाजवतोय! मग पाय अडकेल नाहीतर काय? हळू-जलद सोडा हो. पोस्टमनसाहेब, तुमच्या पायात ठेका पक्का आहे, चुकत आम्ही होतो." ते चिमणीकडे वळले. "ती यादी ठेवा जेवणावळीला. इथे काय वाजवू?"

चिमणीने क्षणभरही विचार केला नाही. "बाबांची शीळ."

दादाने ओठ ओले केले. आजारानंतर त्याचं तोंड थोडं वाकडं झालंय, पहिली फुंकर नुसतीच गेली. दुसऱ्या खेपेला शीळ आली. व्हायोलिनवालीने ती लगेच उचलली आणि मास्तरांनी ती सातात बसवली. दादाने खुर्ची हाताने मागे सारली. वीस पावलं तो आरामात चालला आणि थांबला.

"काय झालं?" वहिनी धावली.

"काही नाही. उरलेली लग्नात."

लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम एकवीस मणी बाकी ठेवून पहिल्या रांगेत बसले. दोन पावलांना एक मणी. खुर्ची वहिनीने पडद्यामागे ठेवली होती. हॉल गच्च भरला होता. दरवाजा उघडला, शीळ व्हायोलिनवर वाजू लागली आणि दादाची काठी बरोबर ठेक्यावर पडली.

दहा मण्यांपर्यंत तो रस्त्यावर चालल्यासारखा चालला. पंधराव्याला त्याचा खांदा थरथरला आणि डावा पाय मागेच राहिला. वहिनी पडद्याकडे पळाली. पण मास्तरांची नजर त्याच्या बुटावरच होती. त्यांनी ढोलावरची काठी वर उचलून धरली. व्हायोलिनचा सूर तसाच लांबला. अख्खा हॉल श्वास रोखून त्या एका पायासाठी थांबला. पाय आला, ढोल वाजला, आणि दोघं पुन्हा निघाले.

एकविसाव्या मण्याला दादाने काठी व्यासपीठावर टेकली. लोक खुर्च्या सारून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. वहिनी खुर्ची घेऊन येत होती. ती त्याच खुर्चीत मटकन बसली, फितींसकट.

"शोभतेस," दादा वरून म्हणाला.

माझा नेम पुरा झाला होता. "देवा!" म्हणून मी मोठ्याने ओरडले. आयुष्यात एवढा आवाज मी कधी काढला नसेल.

जेवणानंतर चिमणीची यादी वाजली. पण पोरांनी ओरडून ओरडून शीळच मागितली. मास्तरांनी ढोल पुढे ओढला. नवरदेव आणि त्याचे धडधाकट मित्र नाचायला उतरले आणि चौथ्या ठोक्याला एकमेकांवर आदळले. पुन्हा उठले, पुन्हा आदळले. मधोमध दादा काठी टेकत होता, उजवा, डावा, एकही ठोका न चुकता, आणि जमिनीवर बसलेल्या जावयाला हात देत म्हणत होता, "सावकाश, जावईबापू. जपून!"