चिमटीचे वजन

सोमवारी दुपारी पावणेदोनला ट्रॉली परत आली तेव्हा तिच्यावर सव्वीस वाट्या होत्या. चोवीस रिकाम्या. एकीच्या तळाशी दोन चमचे सूप उरले होते. सव्विसावी काठोकाठ भरलेली होती, पण तो पेशंट सकाळीच घरी गेला होता, म्हणून ती मावशींनी हिशेबात धरली नाही. पंचवीसपैकी चोवीस. कमी मिठाच्या जेवणाचे असे स्वागत त्यांनी तेवीस वर्षांत पाहिले नव्हते. एरवी निम्म्या वाट्या अर्ध्या भरलेल्याच परत यायच्या.

"घालताय तरी काय सुपात?" ट्रॉलीवाल्याने विचारले. "नऊ नंबरच्या खाटेवरचे मास्तर वाटी चाटायचेच बाकी राहिले होते. निरोप दिलाय त्यांनी. म्हणाले, बाईंचा आता कुठे हात बसला."

"आता कुठे? आणि तेवीस वर्षं काय मी नुसते हात धुवत होते?" मावशी फणकारल्या. पण ट्रॉलीवाला वळल्यावर त्यांनी वाट्या पुन्हा एकदा मोजल्या. चोवीसच होत्या.

हॉस्पिटलचे मोठे स्वयंपाकघर तळमजल्यावर होते. मावशींचे छोटे स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर, मूत्रपिंडाच्या आजाराच्या वॉर्डाला लागून. इथे सूप आणि भाज्यांचा लगदा अजिबात मीठ न घालता शिजायचा. मग वाट्या भरून ओळीने मांडायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यात पाहून प्रत्येक वाटीत मीठ घालायचे. कुणाला एक चिमूट, कुणाला दोन, कुणाला काहीच नाही. एक चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅम. काट्यावर तोलत बसले तर सव्वीस वाट्यांना पाऊण तास लागतो आणि सूप गार होते. चमच्याला वाफेने मीठ चिकटते. मावशींच्या हाताला मात्र सगळे मिळून दोन मिनिटे लागायची. त्या कामावर रुजू झाल्या तेव्हा औषधे देणाऱ्या म्हाताऱ्या कंपाउंडरने त्यांना रोज आपल्या छोट्या तराजूसमोर उभे करून चिमट्या घ्यायला लावल्या होत्या. दोन महिने. बोटे अर्ध्या ग्रॅमवर येऊन थांबली तेव्हा त्याने तराजू उचलून ठेवला आणि म्हणाला, "जा आता." तेव्हापासून डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना चिमूटमावशी म्हणत. त्यांनाही ते आवडायचे. नर्सला नर्स म्हणतात, तसे.

वाट्या विसळून होत होत्या तेवढ्यात आहारतज्ज्ञ मॅडम दारात आल्या. नोकरीला लागून सहा महिने झालेले, वय मावशींच्या मुलीएवढे, काखेत फाइल.

"मावशी, जरा बसता?"

"बसून ऐकण्यासारखं आहे का? मग वाईटच असणार. सांगा."

"वॉर्डात सहा जणांची वजनं वाढलीयत. दोन-अडीच आठवड्यांत कुणाचं एक किलो, कुणाचं सव्वा. पायांवर सूज आहे. पाणी मोजून देतोय, औषधं तीच आहेत. डॉक्टर विचारत होते, मीठ किती जातंय."

"तक्त्यात आहे तेवढंच. जास्तीत जास्त दिवसाला चार चिमट्या. दोन ग्रॅम."

"एका चिमटीचं वजन?"

"अर्धा ग्रॅम."

"शेवटचं कधी मोजलं होतं?"

मावशींनी हातातली वाटी पालथी घातली. "तुम्ही दप्तर घेऊन शाळेत जात होता, तेव्हा."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आले नाही, रागही आला नाही. "गुरुवारपासून इथे काटा येईल. प्रत्येक वाटीचं मीठ तोलून. काट्यावर मी दुसरं कुणीतरी नेमते. तुमच्यासाठी खाली सोलण्याच्या टेबलावर जागा आहे. तिथे बसून काम असतं, तुम्हाला बरं पडेल."

"मला काय धाड भरलीय?" असे मावशींच्या अगदी ओठावर आले होते. पण त्यांनी नुसते "बरं" म्हटले.

घरी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग विमानाच्या पंखाने व्यापलेला होता. मावशींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे आणि सुट्टीत हलक्या लाकडाची, बिनइंजिनाची विमाने बनवून मैदानात उडवायचे. वय सत्तावन्न. प्रत्येक पट्टी, गोंदाचा प्रत्येक थेंब ते एका चपट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलत. काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवायचा. एकदा त्यांनी ऑम्लेटसाठी अंडी तोलली होती, तेव्हा मावशींनी ती मधेच उचलून फोडली होती. दवाखान्यात मी मापाने शिजवते, घरी जिभेने शिजवू द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

आज त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "अहो, तुमचं ते यंत्र सरकवा इकडे."

"कशाला? हात लावू नकोस, गोंद ओला आहे."

"तुमच्या विमानाला हात नाही लावत. मला माझा हात तोलायचाय."

सगळी हकिगत ऐकून त्यांनी पंख उचलून पलंगावर ठेवला. हे त्यांनी मुलीच्या वाढदिवसालासुद्धा कधी केले नव्हते. काट्यावर कागदाचा चौकोन आला, काटा शून्यावर आला. मावशींनी ओट्यावरची मिठाची बरणी घेतली, हात पुसला, चिमूट सोडली.

"पॉइंट पन्नास," यजमान म्हणाले.

"लिहा."

"एकोणपन्नास. एक्कावन्न. पन्नास. पन्नास. अगं, काय हे!"

वीस झाल्या. सर्वांत हलकी ०.४८, सर्वांत जड ०.५२. यजमानांनी कागदाखाली तारीख घातली, सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या. "ह्या काट्यापेक्षा तू बरी. ह्याला निदान बॅटरी लागते. तो कागद उद्या त्या पोरीच्या टेबलावर आपट."

"आपटायचं कशाला? ठेवीन." मावशी हसल्या. मग त्यांनी बटाटे उकडले, कांदा खरपूस परतला, वरून सढळ हाताने मिरपूड आणि मीठ घातले. दोघांनी ते थेट कढईतूनच खाल्ले. यजमान मधेच घास थांबवून म्हणत होते, "वीसच्या वीस!"

मंगळवारी सकाळी सव्वासहाला स्वयंपाकघरात कुणी नव्हते. मावशींनी टॉवेलात गुंडाळून आणलेला काटा ओट्यावर ठेवला. मॅडम नऊला येणार. त्यांच्यासमोर हात थरथरायला नको म्हणून एकदा करून पाहावे, एवढाच विचार होता. डब्यातले मीठ घेतले, चिमूट सोडली.

०.६७.

काटा हलला असेल. पुन्हा. ०.६८. यजमानांनी सोबत दहा ग्रॅमचे पितळी वजन दिले होते, ते ठेवून पाहिले. काट्याने बरोबर १०.०० दाखवले. मग त्यांनी ओळीने दहा चिमट्या घेतल्या. सगळ्या ०.६६ आणि ०.६९ च्या मधे. हात डळमळत नव्हता. हात दरवेळी तेवढेच उचलत होता.

मावशींनी मीठ तळहातावर घेतले. घरचे मीठ जाडे, खड्यांचे. इथेही तेवीस वर्षे पोत्यातून तसेच यायचे. हे बारीक होते, कोरड्या रेतीसारखे. जाड्या खड्यांच्या मधे जागा राहते. ह्या दाण्यांच्या मधे राहत नव्हती. तेवढ्याच चिमटीत तिसरा हिस्सा जास्त मीठ बसत होते.

त्या जिना उतरून कोठीवाल्याकडे गेल्या. तो नुकताच शटर वर करत होता.

"मिठाची पोती कधीपासून बंद झाली?"

"अठरा दिवस झाले. आता वर्षभर पाकिटंच, कंत्राट बदललंय. का, खराब निघालं का? तुम्हीच तर म्हणाला होतात, छान मोकळं मीठ आहे म्हणून!"

"म्हणाले होते," मावशी म्हणाल्या.

वर येऊन त्या स्टुलावर बसल्या. चार चिमट्या, म्हणजे दोनच्या ऐवजी पावणेतीन ग्रॅम. अठरा दिवस. सहा जणांचे पाय. आणि ते सूप, ज्याला चोवीस जण भुलले, आणि ते मास्तर, ज्यांना वाटले बाईंचा हात आता बसला. नेमका उठलेला असताना.

पर्समध्ये सहीचा कागद होता. त्यावरचे वीसही आकडे खरे होते. तो दाखवायचा, आणि आजपासून चिमूट गुपचूप हलकी घ्यायची. सूज उतरली असती. मीठ कुठले, हे कुणी विचारले नसते. मावशींनी हा विचार अर्ध्यावर सोडला नाही, शेवटपर्यंत करून पाहिला. मग एका जुन्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सकाळचे दहा आकडे लिहिले.

नऊ वाजता त्यांनी दोन्ही कागद मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितले. मॅडमनी दोनदा बेरीज केली.

"म्हणजे मीठ बदललं. तुमची चूक नाही मावशी ही."

"पाकीट मी फोडलं. हाताला वेगळं लागलं होतं मला. मला वाटलं, काय छान आहे."

"हा दुसरा कागद तुम्ही आणला नसता तर मला कळलंच नसतं."

"मला कळलं होतं ना!"

मॅडमनी फाइल बंद केली.

"सोलायला पाठवायचं तर पाठवा," मावशी म्हणाल्या. "मी जाईन. पण हात मी परत बसवणार आहे. ह्या मिठावर. बसला की मला वर घ्या."

शेवटी असे ठरले: मावशींनी इथेच राहायचे, काट्यावर तोलून काम करायचे. ओळीने वीस चिमट्या ०.४७ ते ०.५३ च्या आत आल्या की काटा बाजूला. एक जरी बाहेर गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अट मॅडमनी घातली, आणि घालताना त्यांनाच ती फार कडक वाटली.

दुपारी ट्रॉलीबरोबर मावशी स्वतः वॉर्डात गेल्या. नऊ नंबरपाशी थांबल्या. मास्तर उशीला टेकून बसले होते, पाय चादरीबाहेर, घोट्यापाशी सुजलेले.

"मास्तर, तुम्हाला आवडलं ना ते सूप, त्यात मीठ जास्त पडत होतं. माझ्या हातून. आजपासून नसेल. चव लागणार नाही."

मास्तरांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "खरंच नाही लागत हो. मग मी दिलेले मार्क परत घेऊ?"

"घ्या की."

"पस्तीस वर्षांत पुष्कळ कॉप्या पकडल्या. स्वतःचीच पकडून आणून देणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं." त्यांनी दुसरा घोट घेतला. "मार्क राहू देत. सूप मात्र वाईट आहे."

त्या दिवशी बारा वाट्या अर्ध्या परत आल्या. मावशींनी त्या मोजून तक्त्याखाली आकडा लिहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून कांदा काळपट होईपर्यंत भाजून सुपात घालायला लागल्या.

सराव घरी चालायचा, रोज संध्याकाळी, एक पाकीट बारीक मीठ समोर घेऊन. पहिल्या आठवड्यात ०.६१, ०.४४, ०.५८ असे काहीही येत होते. बोटांना जुनेच माप ठाऊक होते. ती आपली मिटायची तिथेच मिटायची. मग मावशींच्या लक्षात आले की तर्जनी नखाएवढी मागे घेतली तर कमी सापडते. मग असे झाले की घरच्या भाजीत मीठ कमी पडू लागले.

"काटा तुझ्याकडे, मीठ दवाखान्यातल्यासारखं, आणि माझं विमान न तोलता उडवलं तर परवा मैदानात नाकावर आपटलं," यजमान म्हणाले. "तीन महिन्यांचं काम गेलं. बोल, भरपाई कोण देणार?"

"शेपटीत दोन चिमट्या मीठ भरा. एक ग्रॅम बरोबर होईल."

त्यांनी खरोखर एका छोट्या पिशवीत भरून पाहिले. पुढच्या सुट्टीला दुरुस्त केलेले विमान झाडाच्या वरून गेले, आणि त्यांनी मैदानातूनच फोन केला.

सहाव्या आठवड्यात बुधवारी, दहा वाजता, मावशी मॅडमना म्हणाल्या, "आज बघू." मॅडम प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीचा काटा घेऊन आल्या. ट्रॉलीवाला दारात रेंगाळला. सुपाखालचा गॅस बारीक केला. मावशींनी हात धुतला, पुसला, पंख्याखाली धरून कोरडा केला.

चिमूट पडत होती, मॅडम आकडा वाचत होत्या, लिहीत होत्या. दहा झाल्या. पंधरा झाल्या. अठरा. ट्रॉलीवाल्याने श्वास रोखला होता.

एकोणिसावी पडली. ०.५४.

मॅडमनी पेन्सिल टेकवली. "एक शतांश आहे हो. वाऱ्यानेसुद्धा होतं. त्रेपन्न धरू."

"किती दिसतंय?"

"चौपन्न."

"मग चौपन्न लिहा. नियम कुणाचा आहे?"

"माझा."

"मग तुम्हीच कशाला मोडताय!"

मावशी नळाशी गेल्या. हात धुतला, पुसला, पंख्याखाली धरला. बोटे एकदा पसरली, मिटली. मॅडमनी वहीचे पान उलटले आणि नवीन पानावर एकपासून वीसपर्यंत आकडे घातले.

त्या पानावर वीस नोंदी आहेत. सर्वांत हलकी चिमूट ०.४८ ग्रॅम, सर्वांत जड ०.५२. सरासरी ०.५०.