आवाज कसा हवा?

"आवाज कसा हवा?" व्हायोलिनवाल्याने विचारलं. बेबीचं उत्तर तयार होतं. कित्येक महिने ती ते मनाशी घोकत होती.

"मऊ," ती म्हणाली. "उशाशी बसून कुणी हळू बोलावं तसा."

बेबी पंचेचाळिशीला आली होती, कानशिलावरचे केस पिकले होते, तरी दारापाशी खुर्चीत बसलेल्या मावशीने तिचं हे नाव काही सोडलं नव्हतं. आई गेल्यापासून मावशी तिला कुठे एकटीला जाऊच देत नसे. आजही, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण कुणी फसवलं तर भांडायला मी बरी," असं म्हणत ती तीन मजले चढून आली होती आणि अजून धापा टाकत होती.

खोलीत सरसाचा वास भरला होता. खिडकीखालच्या लांब टेबलावर अंगठ्याएवढे रंधे पडले होते, भिंतीशी लाकडाच्या फळ्या मुरत उभ्या होत्या, आणि रंग न लावलेली व्हायोलिनं तारेला कपडे वाळत घातल्यासारखी टांगली होती.

"मऊ म्हणालात, ठीक," व्हायोलिनवाला म्हणाला. त्याला बोलायला आवडत असे, त्यातून स्वतःबद्दल जास्त. "पण मी तोंडचं ऐकून वाद्य करत नाही. लोक तोंडाने एक सांगतात, हाताला आवडतं भलतंच. आधी ही तीन वाजवून बघा. डोळे मिटून. नाहीतर ज्याचा रंग छान तेच उचलाल. या मावशींना विचारा, त्यांनी मघाशीच मधलं पसंत केलंय."

"मावशी कुणाला म्हणता?" मावशी म्हणाली. "आपल्या दोघांत फार तर दोन वर्षांचं अंतर, तेही कुणाच्या बाजूने ते विचारू नका."

बेबीने डोळे मिटले. पहिलं व्हायोलिन तिला कोरडं वाटलं. दुसऱ्याच्या तारेवर गज फिरवला मात्र, तिचा हातच थबकला. हाच तो आवाज.

आईला स्वतःला वाजवता येत नव्हतं, पण कान तिखट. बेबी लहानपणी सराव करी तेव्हा स्वयंपाकघरातून आरोळी येई, "चुकलं! पुन्हा!" बेबी कुठल्या सुराला चुकते ते सगळ्या इमारतीला पाठ झालं होतं. मग शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, तो आवाज कुठल्या कुठे गेला. दमलीस का, जेवलीस का, असं आई विचारायची, इतकं हळू की वाकून ऐकावं लागे. आणि एका दुपारी ती असं काही बोलली होती, जे बेबीने जन्मभर ऐकायची वाट पाहिली होती. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती ते लाकडात करून घ्यायला आली होती.

"हेच," ती म्हणाली. "ऐकलंस ना, मावशी? आई."

मावशी म्हणाली, "तिसरं वाजव बरं."

तिसरं हनुवटीखाली खरखरलं. बेबीने घाईने बाजूला केलं, पण मावशी खुर्चीत ताठ बसली होती. "अगं बाई! ही अक्का. अक्काने हाक मारली की कोपऱ्यावरचा दुकानदार बाहेर यायचा, आपल्यालाच बोलावलं म्हणून."

"शेवटी ती तशी राहिली नव्हती."

"शेवटी ती अक्काच नव्हती, बेबी. ते दुखणं बोलत होतं. आणि ती औषधं."

बेबीने गज टेबलावर ठेवला. "म्हणजे मी चांगलं वाजवते, हे मला औषधांनी सांगितलं?"

आपण काय बोलून बसलो ते मावशीला आता कळलं. तिला सावरून घेता आलं असतं, पण खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "मला नाही गं ठाऊक," ती म्हणाली. "ओरडणारी अक्का मला ठाऊक आहे. माझा जन्म तिच्याबरोबर गेला."

व्हायोलिनवाल्याने उगीच एक रंधा उचलून फुंकला. "मी मधे पडत नाही. पण मॅडम हनुवटीखालून ऐकतायत, तुम्ही खोलीच्या पलीकडून. दुसरं जवळून गोड आहे, पण चार पावलांत विरतं. तिसरं जवळून खरखरतं आणि रस्त्यापर्यंत जातं."

"दोन्ही एकात नाही होत?" बेबीने विचारलं.

"गोड वाद्याकडून मोठ्याने बोलवून घेता येत नाही. राकट वाद्य मात्र कधीतरी हळू बोलतं. कधीतरी. त्याची हमी माझ्याकडे मागू नका."

तिने तिसरं पुन्हा उचललं. दबकत वाजवलं तर ते नुसतं खेकसलं. तेव्हा तिला राग आला, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. एवढी वर्षं ओरडलीस आणि बोलायचं ते शेवटी बोललीस? तिने गजावर हाताचा सगळा भार टाकला. खोली भरून गेली. खिडकीची काच थरथरली. दमून हात सैल पडला तेव्हा त्याच तारेतून एक सूर खाली आला, बारीक, उबदार, आणि श्वासभर टिकला. तिने तो पुन्हा काढून पाहिला. आला नाही. पुन्हा पाहिला, जरासा आला.

तो हॉस्पिटलमधला आवाज नव्हता. पण तो त्या मोठ्या आवाजाच्याच पोटातून आला होता, बाहेरून कुणी घातलेला नव्हता.

"असं करून द्या," ती म्हणाली.

"आत्ता तर मऊ म्हणत होतात! खरखर तरी कमी करू का?"

"नको. तिची मला सवय आहे."

त्याने खांदे उडवले, तिचा डावा हात टेबलावर पालथा ठेवून बोटं फाकवली आणि मापाची पट्टी लावली. "हलू नका आता."

"बेबी," मावशीने खुर्ची जवळ ओढली. "काय म्हणाली होती अक्का? नीट सांग. तिच्याच शब्दांत."

बेबीला हात हलवता येत नव्हता, मान वळवता येत नव्हती. समोरच्या फळ्यांकडे बघत तिने शब्दन् शब्द सांगितला, आणि मावशीने मधे एकदाही तोंड उघडलं नाही.