कर्दळीची साफसफाई

माह्या मेथीले वास नव्हता, वास नदीले होता. पण नांदुऱ्याच्या किसनराव अडत्याले हे कोण सांगीन? मागच्या दिवाळीले त्याईनं जुडी नाकाले लावली अन् परत माह्या टोपल्यात फेकली. "सत्यभामाबाई, अजून एक डाव असा माल आणला तं माह्या दुकानाची पायरी चढू नका."

सगळ्या गावाची नाली माह्या वावराच्या वरतं नदीत पडते. मी भाजी धुते खालतं. हिरीचं पाणी ओलितालेच पुरत नाई, तं धुवाले कुठून आणू?

मंग मी ग्रामसभेत बोंबलली. तालुक्याहून सारिका नावाची इंजिनिअर पोरगी आली. तिनं नालीच्या तोंडाशी गाळ बसाले टाकं बांधलं, पुढं गिट्टीचा वाफा केला. म्हणे, "मावशी, ह्यात कर्दळ लावा. मुळं घाण खातात, नदीत चांगलं पाणी जाते." गाव हासलं, "गटारात फुलबाग!" हासा म्हटलं. माह्या आंगणातले कंद मीच नेऊन लावले. आठ महिने मी त्या घाणीत उभी राह्यली. पोळ्यापर्यंत कर्दळ छातीले लागली, अन् खालचं पाणी बिनवासाचं झालं. किसनरावानं जुडी हुंगली अन् ठेवून घेतली. मले तेवढंच पुष्कळ होतं.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या अन् गावात स्वच्छतेची तपासणी निघाली. त्या दिवशी मी बाजारातून आली, पाहते तं काय! वाफा साफ. जेसीबीनं कर्दळ उपटून उकिरड्यावर फेकली. गिट्टी पंचायतीसमोर पसरली, साहेबाच्या बुटाले चिखल नाई लागला पाह्यजे म्हणून. चुन्याच्या रेघा, 'सांडपाणी प्रकल्प' असा नवा रंगवलेला बोर्ड, अन् काळं पाणी सरळ नदीत.

"माणिकराव, हे काय केलं बाप्पा?" मी सरपंचाले विचारलं.

"अवं काकू, समिती येऊन राह्यली! गटारात एवढं झुडूप माजलेलं पाहून मार्क नाई का कापतीन? एकदम चकाचक केलं."

"ते झुडूपच काम करत होतं ना!"

"मंग उद्या परत लावा. कर्दळच तं आहे, लगेच येते."

लगेच म्हणे! अशी आग झाली जिवाची, बोर्डावर डोकं आपटावं वाटलं. त्याचं नाई, माहं. समिती आली, बोर्डापाशी फोटो काढले, पोहे खाल्ले. "प्रकल्प चालू आहे ना?" एका साहेबानं विचारलं. "हाव साहेब," माणिकराव म्हणे. वाफ्यात कोणी वाकूनही पाह्यलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचाची बायको तानुबाई वावरात आली. महालक्ष्मीच्या निवदाले सोळा भाज्या लागतात. मी मेथी उपटून दिली. तिनं जुडी नाकाले लावली, अन् हळूच विचारलं, "नदीत नाई ना धुतली?"

"अजून नाई. चला, तुमच्यासमोरच धुते."

काठावर येताच तिनं पदर नाकाले लावला. जुडी माह्या टोपल्यात परत ठेवली. म्हणे, "राहू द्या बाई. देवाचं काम आहे, मी नांदुऱ्याहून आणते."

"आणा," म्हटलं. "किसनरावाच्या दुकानात चांगली भेटीन. मले तं तिथं आता पायरी राह्यली नाई."