दोन घरचं पाणी

सन एकोणीसशे बहात्तर. पाटोद्याजवळच्या एका गावात शाळेच्या ओट्यावर नाटक शेवटाला आलं होतं, आणि पडद्यामागं ताराबाई पितळेच्या तांब्यात पाणी ओतत होती. आधी थोरल्या भावाच्या विहिरीचं, मग त्यातच धाकट्याच्या रांजणातलं.

"आक्का, तांब्या रिकामाच असू द्या," गहिनीनाथ मास्तर कुजबुजले. "नुसतं पिल्यावानी करायचंय. असल्या दुष्काळात पाणी कशाला वाया घालता?"

"वाया कसं जाईल मास्तर? पिणारे दोघंबी माझेच भाऊ हायेत."

मास्तरांनी हे नाटक इंग्रजीवरून बेतलं होतं. एक राजा मंत्रतंत्रात गुंगलेला. धाकटा भाऊ त्याचं राज्य बळकावतो, लेकीसकट त्याला बेटावर धाडतो. पुढं राजा जादूनं वादळ उठवतो, भावाला आपल्यापुढं आणतो आणि माफ करतो. माफी गावाला डोळ्यांनी दिसावी म्हणून दोघांनी एका तांब्यातलं पाणी पिण्याचा प्रसंग मास्तरांनी पदरचा घातला होता.

गावाला ही गोष्ट नवी नव्हती. थोरले आप्पाराव सोसायटीचे चेअरमन, पण त्यांचं चित्त सगळं जडीबुटीत आणि विंचवाच्या मंतरात. ते नारायणगडाला गेले असताना भगवानरावांनी संचालक फोडले. परत येऊन पाहतात तो खुर्चीवर धाकटा भाऊ. आप्पाराव लेकीला घेऊन माळावरच्या वस्तीवर राहायला गेले, आणि दोन्ही घरांनी एकमेकांकडं पाणी पिणंसुद्धा सोडलं. ताराबाईचं माहेर मधून चिरलं. एकाकडं जेवली की दुसरा बोलायचा नाही.

सोसायटीची निवडणूक पुन्हा जवळ आली तेव्हा भगवानराव स्वतःहून म्हणाले, "दादा राजा होत असंल, तर मी भाऊ होतो." गावानं वाहवा केली.

सुरुवातीच्या वादळासाठी पत्रा बडवला तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं होतं, "आप्पाराव, एवढा मंतर येतो, तर खरा पाऊस पाडा की!" लई हशा पिकला होता. आता मात्र कुणी हसत नव्हतं.

"माफ केलं तुला," आप्पाराव म्हणाले. मास्तरांनी लिहिलेलं भाषण याहून मोठं होतं. ते तिथंच थांबले. तांब्या उचलताना त्यांचा हात अडखळला. वजन होतं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं. ताराबाईनं हळूच मान हलवली. आप्पारावांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला. त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होताना तिला दिसली. अर्धं पाणी पिऊन त्यांनी तांब्या भावापुढं धरला.

भगवानरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, लोकांना दिसेल असा उंच धरला आणि ओठांना लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ताराबाई तेवढी भावाच्या गळ्याकडं टक लावून उभी होती.

"धर आक्का," म्हणत भगवानराव तांब्या तिच्या हातात देऊन लोकांत मिसळले. तिनं आत पाहिलं. पाणी तेवढंच होतं.

आप्पाराव मागं आले.

"तारे, खरं पाणी घातलं व्हतंस."

"व्हय दादा."

"भगवान पिला का गं?"

ताराबाईनं तांब्या पदराखाली घेतला. "पिला की. समदं पिला."

आप्पाराव उपरण्यानं तोंडावरचा रंग पुसू लागले. डोळ्यांखालचा आधीच ओघळला होता. ते गेल्यावर उरलेलं पाणी ताराबाई उभ्या उभ्या पिऊन गेली.

भगवानराव निवडून आले. मास्तरांची बदली अंबाजोगाईला झाली, ते तिकडचेच झाले. आप्पारावांच्या मनातून भांडण पार मिटलं होतं. लेकीच्या लग्नाला, हुरड्याला, पुरणपोळीला ते भावाला हौसेनं वस्तीवर बोलवायचे. भगवानराव यायचे, गोड बोलायचे, पण त्यांना नेमका उपास असायचा. कधी सोमवार, कधी एकादशी, कधी कुठला नवस. पाणीसुद्धा चालायचं नाही.

"लई देवधर्माचा झालाय गं आपला भगवान," आप्पाराव कौतुकानं सांगायचे, आणि ताराबाई चुलीतलं लाकूड पुढं सारायची.

भगवानराव आधी गेले. त्यानंतर जन्मात कधी उपास न केलेल्या आप्पारावांनी एकादशी धरली. भावाची अर्धी राहिलेली आपण पुरी करायची, म्हणाले. ते होते तोवर दर एकादशीला ताराबाई वस्तीवर जाऊन त्यांना भगर शिजवून घालत असे.