वर चढणाऱ्याचं कुलूप

"स्विचला कुलूप होतं की नव्हतं? एवढंच सांगा," चौकशीचे साहेब म्हणाले.

थोरला भाऊ समोरच्या खुर्चीत बसला होता. लिफ्टदुरुस्तीत नियम एकच. जो लिफ्टच्या डोक्यावर चढेल, त्याने मेन स्विचला कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्याच खिशात ठेवायची. जीव ज्याचा, चावी त्याची. पण धाकटा पडला वेंधळा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा! म्हणून अठरा वर्षं त्याची चावी थोरलाच सांभाळत होता. सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

त्या दिवशी अकरा वाजले. अकराला धाकटा चहाला उतरायचाच, घड्याळ चुकेल पण तो चुकायचा नाही. थोरल्याने हाक मारायचीही तसदी घेतली नाही. कुलूप काढलं, स्विच चालू केला. धाकटा मात्र राहिलेला एक बोल्ट पिळत अजून वरच होता.

आज खरं तेच सांगायचं, असं ठरवूनच थोरला घरातून निघाला होता. पण धाकट्याची बायको दारातच आडवी आली.

"भाऊजी, कुलूप नव्हतंच म्हणून सांगा."

"अगं, मेलेल्या भावावर खापर फोडू?"

"मेलेल्याला कोण तुरुंगात टाकणार आहे? तुम्ही आत गेलात तर दोन्ही घरं बसतील. पोरींना काय हवा खाऊ घालू?" मग तिचा आवाज फाटला. "तुमचं तोंड बघवत नाही मला. तरी सांगतेय."

"नव्हतं," थोरला साहेबांना म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं : मयताचा निष्काळजीपणा. थोरल्याने खाली सही केली. आयुष्यात स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

संध्याकाळी तो भावाच्या घरी गेला. नऊ वर्षांची पुतणी उंबऱ्यातच उभी होती.

"मोठे काका, बाबांनी कुलूप लावलंच नव्हतं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"नव्हतं लावलं."

"असे कसे हो बाबा?" पोरीचे डोळे रागाने भरून आले. "एवढंसुद्धा लक्षात राहिलं नाही? आमचा विचारच नाही केला त्यांनी!"

ती पाय आपटत आत निघून गेली. भावजयीने पाण्याचा पेला आणून थोरल्यासमोर ठेवला. दोघांपैकी कुणीही मुलीला हाक मारली नाही.